नटाचा नवरा

…आणि वर मलाच विचारतात, "अगं, कपाटाचं दार कुठं गेलं?" आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा! दार बिजागऱ्यांवरून उतरवलं कुणी? यांनी. मधोमध कापलं कुणी? यांनी. दोन्ही तुकड्यांना सरस फासून एकावर एक ठेवले, वर माझी लग्नातली पेटी आणि बटाट्यांची दोन पोती दोन दिवस लादून ठेवली, ती कुणी? यांनीच! आणि तिसऱ्या दिवशी चादर काढायला जातात तर कपाट आ वासून उभं, आणि हे माझ्याकडे असे बघतात, जसं काही दार मीच खाल्लं.

आणि हे सगळं कशासाठी? एका टेबलासाठी!

तुम्हाला सांगते, टेबल म्हणजे काय असतं हो? चार पाय, वर फळी, संपलं. आमच्या यांच्या टेबलाला पायच नाहीत. मी म्हटलं, पाय कुठायत याचे? तर म्हणाले, हे जमिनीवर उभं राहायचं टेबल नाही, हे ड्रिल मशीनवर बसायचं टेबल आहे. टेबल कधी बसतं का? माणसं बसतात टेबलाशी! पण नाही. ते मशीन म्हणजे जुन्या सामूहिक शेतीच्या कार्यशाळेतलं. कार्यशाळा मोडली तेव्हा कुणाच्या वाट्याला मेंढ्या आल्या, कुणाच्या वाट्याला ट्रॅक्टरची चाकं, आणि आमच्या वाट्याला हे धूड, माणसाएवढ्या लोखंडी खांबाचं. तीस वर्षं गोठ्यात गवताखाली पडून होतं. कोंबड्या त्याच्यावर अंडी घालायच्या. चांगली घालायच्या हो, उगाच कशाला नावं ठेवू! तर या मशीनला स्वतःचं एक लोखंडी टेबल आहे, पण ते ताटलीएवढं, आणि यांना त्याच्यावर ठेवायचं होतं तुंदुक.

तुंदुक म्हणजे आमच्या युर्ताच्या, लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूच्या, डोक्यावरचं ते गोल कडं, ज्यातनं धूर बाहेर जातो आणि आभाळ आत येतं. युर्त बांधणं हाच आमच्या घरचा धंदा, सासऱ्यांच्या सासऱ्यांपासून… नाही, थांबा, सासऱ्यांच्या आजोबांपासून. तुंदुकाला कडेनं पासष्ट भोकं. छताच्या पासष्ट काठ्या खालनं तिरक्या येतात आणि एकेका भोकात शिरतात, म्हणून भोक सरळ पाडून चालत नाही, प्रत्येक भोक जरासं कलतं हवं, आणि पासष्टांचा कल एकच. एक जरी चुकलं तरी अख्खं छप्पर टोपी वाकडी झालेल्या दारुड्यासारखं बसतं. आमचे हे ती भोकं हातातल्या गिरमिटानं पाडायचे, एक डोळा मिटून, गाणं गुणगुणत. गुणगुणत! आणि आता म्हणे मशीन, आणि मशीनला टेबल.

मी विचारलं, कशाला? म्हणाले, काम लवकर होतं.

हे खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे यांना माहीत नव्हतं. एकतीस वर्षं संसार केलाय, काय सांगू!

झालं असं, की मागच्या थंडीपासून यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग जास्त. कुणाला बोलले नाहीत. मला कसं कळलं? चहाच्या वाटीनं. आमच्याकडे वाटी अर्धीच भरायची, तो मान. काठोकाठ भरली तर पाहुण्यानं समजायचं की आता उठा. तर मी यांची वाटी अर्धीच्याही अर्धी करत नेली, मग तळाशी चार घोट, म्हणजे कितीही हललं तरी सांडायला नको. एकतीस वर्षांत नवऱ्याला एवढा मान मी कधी दिला नव्हता. आणि हे आपले खूश! बिचाऱ्यांना वाटलं, वयोमानानं हिला माझी किंमत कळायला लागली.

बरं, हात थरथरतो तर थरथरू दे, छप्पन्न वर्षांचा माणूस, सांगावं सरळ घरात. पण कुणाला सांगणार? घरात आहेत सासरे. वय चौऱ्याऐंशी, टोपी पांढऱ्या नमद्याची, बसायची जागा अंगणातला बाक, आणि कान असे, की तिसऱ्या घरात कणकेचे बोरसोक तळायला घेतले तरी म्हणतात, तेल अजून तापलं नाही. ते स्वतः मोठे उस्ता, म्हणजे कारागीर. आमच्या यांना त्यांनीच शिकवलं, मागं उभं राहून, ओरडून ओरडून. हे आजही वडिलांसमोर हातात हत्यार घेतलं की पोरासारखे ताठ होतात.

तर गेल्या पानगळीत शेजाऱ्यांची गाय आमच्या अंगणात आली आणि सासऱ्यांच्या युर्ताचं तुंदुक उन्हाला ठेवलं होतं त्याच्यात पाय घातला. कडं मोडलं. गाईला काही नाही झालं, चौकशी केलीत तर सांगते. नंतर एके दिवशी सासरे चहा पिता पिता, पाव सायीत बुडवत, अगदी 'जरा मीठ द्या' म्हणावं तसं म्हणाले, "एसेनगुल, मी गेलो की मला तीन दिवस माझ्या युर्तात ठेवतील. माझ्या डोक्यावरचं तुंदुक तुझ्या हातचं हवं. दुसऱ्या कुणाचं आणलंस तर मी उठून बसेन."

हे म्हणाले, हो बाबा. आणि वाटी खाली ठेवली, पटकन, दोन्ही हातांनी.

आता कळलं टेबल कशाला? हातानं पाडलेलं भोक थरथरणार. आणि पासष्ट थरथरलेली भोकं बघून बाबांना कळणार, की आपल्या मुलाचा हात गेला. माझ्या नवऱ्याला मरणाची भीती नाही हो, पण या गोष्टीची होती. रात्रंदिवस होती. मशीन काही थरथरत नाही. पण मशीनवर कडं टेकायला मोठं, हवं तसं कलतं होणारं टेबल पाहिजे, मग प्रत्येक भोक एकाच कलानं, हात कसाही असो.

म्हणून माझ्या कपाटाचं दार गेलं. जाऊ दे. कडं सरकू नये म्हणून आडवी पट्टी हवी, ती पट्टी मागंपुढं करायला खाच हवी, म्हणून माझ्या पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी गेली. आता खोलीत सकाळी सहाला सूर्य थेट माझ्या डोळ्यांत येतो, तोही जाऊ दे. टेबल कलतं व्हायला दणकट बिजागऱ्या हव्यात, म्हणून संडासाच्या दाराच्या तीनपैकी दोन गेल्या. म्हणे, तिसरी आहे की! अहो, गावालगतच्या तळ्यावरचा वारा कसा असतो ठाऊक आहे ना तुम्हाला? मी आत, दार बाहेर, आणि समोरच्या रस्त्यानं अख्खी शाळा सुटलेली! आणि हे सगळं कशासाठी? एका टेबलासाठी!

आणि सासरे बाकावरून सगळं बघत होते. म्हणाले, मशीन कशाला? हे म्हणाले, लवकर होतं बाबा. त्यावर म्हातारा म्हणतो कसा, मला कसली घाई आहे?

इथवर सगळं मी सोसलं. पण मग टेबल त्या लोखंडी ताटलीवर घट्ट बसवायची वेळ आली, आणि त्याला लागतात चार… कसं सांगू आता? नट माहीत आहे ना, नट? त्याच्या जोडीला जो असतो तो. आलं ना तोंडावर? ते तुम्ही म्हणा, मी म्हणणार नाही! आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. नुसतं नावच नाही, नावासारखा लागणारा शब्दसुद्धा नाही. आणि माझ्या सासऱ्यांचं नाव नेमकं त्या वस्तूसारखं, मध्ये एक 'ओ' जास्तीचा आणि शेवट जरा मऊ, एवढाच काय तो फरक. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्याला नटाचा नवरा म्हणते. घरात सगळ्यांना कळतं. पण घरात!

हे म्हणाले, तू बाजारात जा आणि चार आण. मी म्हटलं, तुम्ही जा, तुम्हाला बापाचं नाव घ्यायला कुणाची बंदी आहे? तर म्हणाले, मला इथं काम आहे. काम कसलं डोंबलाचं! दुकानात वस्तू हातात घ्यायला हात पुढं करावा लागतो, आणि तो दुकानदार सगळ्यांशी बोलतो, हे मला कळलं. म्हणून गेले. मुकाट्यानं गेले.

दुकानात ही गर्दी. पुढं उभी राहिले. दुकानदार तिशीचा, कानामागं पेन्सिल. म्हटलं, दादा, नटाचा नवरा द्या चार. तो बघतच राहिला. म्हटलं, तो लोखंडाचा, डोक्याला सहा कोपरे, अंगाला आटे, टोकाला बोथट. त्यानं स्क्रू काढले. म्हटलं टोक बोथट! त्यानं आकडा काढला. म्हटलं आटे! त्यानं नळाची तोटी काढली, मग कडी, मग किसणीचा दांडा, मागं रांग हसायला लागली, एक म्हातारबा म्हणाले बाई, काय हवंय ते स्पष्ट बोला की! स्पष्ट बोलता आलं असतं तर तोट्या, किसण्या बघितल्या असत्या का मी?

तेवढ्यात मागनं एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. माझ्याच वयाची, डोक्याला फुलांचा रुमाल. हळूच विचारलं, "सासरे की थोरले दीर?" म्हटलं सासरे. तिनं मान डोलावली, पुढं झाली, दुकानदाराला म्हणाली, हिला तो हवाय, तो त्या… त्याचा केलेला… आणि अडकली! कारण तिच्या सासऱ्यांचं नाव तेमिर. म्हणजे लोखंड! मी वस्तूचं नाव घेऊ शकत नाही, ती वस्तू कशाची केलेली ते सांगू शकत नाही, आणि आम्ही दोघी त्या दुकानदारापुढं हातवारे करतोय, मुक्या झाल्यासारख्या. शेवटी मी गल्ल्यावर वाकले, त्याच्याच वजनकाट्याच्या पायात बसवलेला एक होता तो दाखवला, म्हटलं, हा, हा, हा! त्यानं कपाळावर हात मारला आणि विचारलं, केवढ्या लांबीचा?

आता खरं सांगते, लांबी यांनी सांगितली होती. घरून निघताना पाठ केली होती. पण तोपर्यंत माझ्या कानातून धूर निघत होता, रांगेतली माणसं पोट धरून हसत होती, मी करंगळी दाखवली आणि म्हटलं एवढा. त्यानं दिले. मी पळाले.

करंगळी! आता माझी करंगळी ती केवढी!

बसवले यांनी. आखूड आहेत हे यांना कळलं नाही असं नाही, पण नटात दोन आटे तरी गेले होते, आणि पुन्हा बाजारात पाठवायचं म्हणजे यांना माझी दया आली. म्हणाले, चालतील. तुम्हाला सांगते, या माणसाच्या तोंडून 'चालतील' निघालं की मी मुलांना जवळ घ्यायचे. आता मुलं मोठी होऊन शहरात गेलीत, जवळ घ्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू. कडं टेबलावर ठेवलं, पट्टी आवळली, टेबल कलतं केलं, मशीन सुरू. मी चहा घेऊन गोठ्याच्या दारात. सासरे बाहेर बाकावर, पाठ आमच्याकडे. आणि काय सांगू, पहिलं भोक पडलं, स्वच्छ! दुसरं, तसंच. दहा, वीस, तीस. यांचा हात दांड्यावर थरथरतोय, आणि भोक मात्र हूं की चूं न करता सरळ आपल्या कलानं जातंय. यांनी गुणगुणायला सुरुवात केली. मागच्या थंडीनंतर पहिल्यांदा. मला तिथंच रडू आलं, मी ते चहात सोडलं.

एक्केचाळिसाव्या भोकाला टण आवाज झाला. एक नट सुटून जमिनीवर गेला. मग दुसरा. कडं पुढच्या बाजूला लोंबत होतं, त्याचं सगळं वजन पुढं, टेबलाची मागची बाजू उचलायला लागली. आणि हे काय करतात? मशीन बंद करतात? छे! डावा हात खालून कड्याला आधार द्यायला घातला, तोंड वर, आणि तो हात सरकत सरकत चालला फिरत्या टोकाकडे. यांना दिसतच नव्हतं. मला दिसत होतं. मी ओरडले, अहो! काही नाही. अहो! काही नाही. एकतीस वर्षं 'अहो' म्हणतेय, यांच्या कानाला त्याची सवय झालीय, आता ते आत जातच नाही! आणि मग माझ्या तोंडून निघालं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"बोल्ट!"

घ्या. म्हटलं. आणि माझ्या सासऱ्यांचं नाव बोलोत. जीभ विटाळलीच आहे तर दोन्ही सांगून टाकते.

यांनी दचकून हात मागं घेतला. एका बोटाचं अंतर होतं, खोटं सांगत नाही. मशीन बंद झालं, टेबल पुढं कललं, कडं यांनी छातीवर झेललं. वाचले. आणि तेवढ्यात बाहेर बाकावर काठी आपटल्याचा आवाज आला, आणि पावलं यायला लागली.

सासरे दारात. मी कमरेत वाकले, एवढी वाकले की मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. वाटलं, जमीन फाटावी. एकतीस वर्षांची सून, आणि सासऱ्यांना नावानं हाक, तीही एकेरी, तीही बोंब मारून! ते म्हणाले, "बुरुल, हाक मारलीस?" म्हटलं, नाही हो बाबा, ते नटाचा नवरा सुटला. मी हळूच मान वर केली, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुलाच्या हाताकडे बघत होते. कडं छातीशी धरलेलं, त्यामुळे हात लपवता येईना, आणि तो थरथरतोय, उघड, उजेडात, थांबायचं नावच घेईना.

मशीन लवकर होतं म्हणून आणलं, हे नाटक त्या क्षणी संपलं.

सासऱ्यांनी विचारलं, "कधीपासून?"

हे म्हणाले, "थंडीपासून."

"मला पन्नासाव्या वर्षी सुरू झालं." असं म्हणून म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. "आठवतं? मी मागं उभा राहून ओरडायचो आणि भोकं सगळी तू पाडायचास. तुला वाटलं, मी शिकवतोय. मी हात खिशात घालून उभा होतो, गाढवा."

आणि खिशातला हात बाहेर काढला. आम्हाला आपलं वाटायचं, म्हाताऱ्याची ऐट आहे, कायम उजवा हात खिशात किंवा काठीवर, वाटीसुद्धा डाव्या हातात. काठीवर नसला की तो हात कसा असतो ते मी एवढ्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. बापलेकांचे दोन्ही हात एकाच चालीनं हलत होते. हे रडले. स्पष्ट सांगते, मोठ्यानं रडले, आणि सासऱ्यांनी रडू दिलं. मीही रडले, पण माझ्याकडे कोण बघतंय!

मग सासऱ्यांनी टेबलाकडे पाहिलं, सगळीकडून वाकून पाहिलं, खालून पाहिलं, माझ्या कपाटाच्या दारावरची वेलबुट्टी अजून तिथं होती तीही पाहिली. म्हणाले, मागची बाजू उचलतेय ना? मग तिच्यावर वजन हवं. आणि टोपी सारखी करून, पाय उचलून, चढून बसले की हो टेबलावर! चौऱ्याऐंशी वर्षांचे! हे म्हणाले, बाबा उतरा, उद्या बुरुल लांब आणेल चार. त्यावर म्हातारा म्हणतो, "ते कशाला? त्या नावाचा माणूस बसलाय ना इथं. चालू कर."

चालू केलं. उरलेली सगळी भोकं बापानं बसून आणि लेकानं उभ्यानं पाडली, वाटेत तीनदा भांडले, दोनदा माझ्याकडून चहा आणवला. सगळ्या काठ्या लावून बघितल्या. सासऱ्यांनी एक डोळा मिटला, खालून वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरं आहे." आमच्या घरात हा शब्द याआधी एकदाच उच्चारला गेलाय, तोही एका घोड्याबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना सगळं छान? काय छान! तुंदुक नमद्यात गुंडाळून कोठीत ठेवलंय, ज्यांच्यासाठी केलं त्यांची जायची काही हालचाल नाही. म्हणतात, मला कुठं वेळ आहे? टेबल कोण धरणार? शेजारच्या गावाची दोन तुंदुकं घेतलीत करायला, मग पलीकडच्या गावाचं एक. रोज सकाळी नाश्ता झाला की चढून बसतात, पाय हलवत, वरून हुकूम सोडत. जेवण दुप्पट झालंय. दिवसाला दहा वेळा चहा, आणि आता दोघांनाही तळाशी चार चार घोट, म्हणजे माझ्या फेऱ्या किती ते तुम्हीच मोजा. कपाटाला दार नाही ते नाहीच.

आणि मध्ये एकदा मी गेलेही त्या दुकानात. सरळ गल्ल्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, बोल्ट द्या चार, वीतभर लांब. दुकानदार चाट! पिशवी घेऊन घरी आले, गोठ्याच्या दाराशी पोचले, आत बघितलं. बाबा वर बसलेले, हे खाली उभे, दोघांचे हात हलतायत, दोघं एकमेकांवर ओरडतायत, आणि दोघं गुणगुणतायत.

मी आवाज न करता मागं फिरले. ते चार लांब नटाचे नवरे पिठाच्या कोठीत आहेत, अगदी तळाशी. पीठ काढताना तेवढं जपून काढावं लागतं, दुसरं काय.